पिकअप: तो की ती

त्या दिवसांत माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. कंपनीतून सुटलो की क्रांती चौकाजवळच्या खोलीवर यायचं, बूट न काढताच गिटार मांडीवर घ्यायची, आवाज मोठा करणारा अॅम्प चालू करायचा आणि ऐकायचं: गुंऽऽऽ. तारांना हात लावलेला नाही, तरी गुंऽऽऽ. ट्यूबलाइट बंद केली की थोडं कमी, शेजारच्यांनी मिक्सर लावला की जास्त.

दोष पिकअपचा होता. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. गिटारीच्या तारांची थरथर तो पकडतो आणि स्पीकरला पाठवतो. माझी गिटार अर्धी पोकळ, अर्धी भरीव. तिच्यातले दोन्ही पिकअप जुने, एकेरी गुंडाळीचे. आवाज मधाळ, पण सोबत ही कटकट. दुहेरी गुंडाळीचे बसव, गुणगुण जाईल, असं जो तो सांगत होता. पण मधाळपणाही गेला तर? आणि फार जोरकस बसवले तर पोकळ लाकूड शिट्ट्या मारायला लागतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सकाळी एक जोडी ठरवायचो, दुपारी डबा खाताना रद्द करायचो, संध्याकाळी दुसरीच आवडलेली असायची. शनिवारी एका हॉटेलात आम्ही चौघं मित्र वाजवायचो. आमचा ड्रमवाला एकदा म्हणाला, "अरे भाई, इतने में तो लोगां शादी कर लेते. एक उठा और लगा दे." पण माझं तळ्यात-मळ्यात काही संपेना. खरं तर माझ्या मनात एक खूळ बसलं होतं. आवाज एकदा नीट लागला, की मी हे जे करतोय ते उगाच नाही, असं घरी छातीठोकपणे सांगता येईल.

घर देवगाव रंगारीला. तिथं आण्णा, म्हणजे माझे वडील, अद्रक आणि मका बघायचे. गिटारीला ते 'डबडं' म्हणायचे, तेही तिच्याकडं न बघता. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. तेवढं एकदा विचारावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती मी कुणाला कधी बोललो नव्हतो. आईशी फोनवर मात्र सगळं बोलायचो. तिलाच एकदा वैतागून म्हणालो, पिकअप बघून बघून डोकं उठलंय.

त्या रविवारी आण्णांचा फोन आला. स्वतःहून.

"पिकअप बघायला लागला म्हणं?"

मी खुर्चीतून उठलोच. "व्हय आण्णा."

"कोणती घेतो? नवी का जुनी?"

मी 'तो पिकअप' म्हणायचो, आण्णा 'ती' म्हणत होते. म्हटलं, त्यांना काय ठाऊक, चालायचंच. "जुनेच बघतोय. जुन्याचा आवाज येगळाच असतो."

"आवाज तर आधी बघायचा. आवाजावरूनच कळतं सारं."

हे आण्णा बोलत होते! मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. "आन् दोन लागतात. एक फुडं, एक मागं."

"दोन? झेपंल का तुला?"

"एकानं भागत नाय. मागचा कडक पायजे, फुडचा मऊ."

"मागं कडकच पायजे. पाटे बघून घे."

पाटे? चुंबकाच्या पट्ट्यांना म्हणत असतील, असं धरून मी सुटलोच. गुंडाळ्या, तारा, पोकळ लाकडाचे नखरे, सगळं सांगितलं. आण्णा 'हां, हां' करत ऐकत होते. जन्मात कधी त्यांच्याशी इतकं बोललो नव्हतो. मला लई बरं वाटत होतं.

"ते सारं ऱ्हाऊ दे," शेवटी आण्णा म्हणाले. "तिच्यात अद्रकीची पोती किती बसतील, ते सांग."

मी जागच्या जागी उभा राहिलो. रस्त्यावरून भाजीची, सिमेंटची, कोंबड्यांची पिकअप गाडी रोज जाताना बघत होतो, आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं. पाटे म्हणजे तिच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या!

"आण्णा, गाडी नाय. मी गिटारीचं म्हणतोय. तिच्यात असतात ते पिकअप."

फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"गिटारीचं व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, घरच्या कामात हात घालतोस." मग चिडलेच. "तर मग मला कशाला इतकं सांगत बसला?"

"तुम्ही इचारलं म्हणून."

मला माझीच लाज वाटत होती, त्यांची कीव येत होती, आणि फोन ठेवावा तर तेही धाडस होत नव्हतं.

"काय झालंय तिला?"

"कुणाला?"

"त्या गिटारीला."

"गुणगुणती. वाजवत नसलो तरी चालूच. घडीभर गप बसत नाय."

"तुझ्यावरच गेली म्हण की." मी हसलो. आण्णांनी पुढं विचारलं, "आन् हे बदलले की गप व्हईल?"

"व्हायला पायजे."

"अद्रकीला मी भाड्याची गाडी सांगतो," आण्णा म्हणाले. "तू ते घेऊन टाक. दोघांतलं एक तरी गप होऊ दे."