घोंगड्याची चकती

"बाहुल्या शिवणं हे काय पुरुषाचं काम आहे का?" असं माझ्या थोरल्या भावानं आमच्या वडिलांवरून फोनवर विचारलं तेव्हा माझ्या हातात कात्री होती. बरं झालं तो सांगलीत होता आणि मी कराडात. नाहीतर त्या दिवशी काहीतरी विपरीत घडलं असतं.

मुळात बाहुल्या नव्हत्याच त्या. अस्वलं होती. टेडी. मी घरी शिवते. बाजारात मिळतात तसली नव्हेत, कापूस कोंबलेली, हातपाय अंगालाच शिवून टाकलेली आणि बसवलं की कलंडणारी. माझ्या अस्वलाचे दोन हात, दोन पाय आणि मुंडकं वेगवेगळं शिवायचं आणि मग पाच सांध्यांनी धडाला जोडायचं. म्हणजे हात फिरतो, पाय दुमडतो, मान वळते. मोबाइलवर बघून शिकले. सांधा म्हणजे काही मोठं यंत्र नाही. हार्डबोर्डाच्या दोन गोल चकत्या, एक हाताच्या आत, एक धडाच्या आत, आणि दोन्हींतून आरपार जाणारी स्प्लिट पिन. त्या पिनेचे दोन पाय धडाच्या आतल्या बाजूनं पकडीनं फाकवायचे आणि पत्र्याच्या वायसरवर गच्च वळवून टाकायचे. पिना मी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणते. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, कुठल्या ट्रॅक्टरला पाहिजेत? मी म्हटलं, अस्वलाला. तेव्हापासून मी दिसले की तो बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगतो, अस्वलवाल्या वहिनी आल्या.

शिवण माझी चांगली आहे, त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. पण सांधे टिकत नव्हते. आठ दिवस गेले की ढिले. वर केलेला हात धपकन खाली यायचा. एका बाईनं तर अस्वल परत आणून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, याला लकवा झालाय. तो अपमान मी गिळला. पिना जाड घेतल्या, आणखी आवळल्या, तर हार्डबोर्डच तडकलं.

त्याच सुमाराला आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडं राहायला आले. मिरजेत त्यांचा मोतीबिंदू काढला होता आणि भावाच्या घराला म्हणे जिने फार. आबा म्हणजे म्हसवडकडच्या माळावरचे धनगर. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. आई गेली, उरलीसुरली मेंढरं विकली, आणि तेव्हापासून त्यांच्या हातांना काम म्हणून उरलं नव्हतं. बसल्या जागी स्वतःचेच गुडघे चाचपत राहायचे. जेवण निम्म्यावर आलेलं. नव्या डोळ्यांचा एक नाद मात्र लागला होता, वाचायचा. शाळा चौथीपर्यंतच, पण ओठ हलवत हलवत दिसेल ते वाचायचे. तेलाच्या पिशवीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, भडंगाच्या पुड्यावरचंसुद्धा.

एकदा दुपारी त्यांनी टेबलावरचं अस्वल उचललं. डोळे मिटले, अंगठ्यानं त्याचा खांदा चाचपला आणि म्हणाले, "हेचा खवाटा निखळलाय."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. माळावर दगडाधोंड्यांत मेंढरांचे पाय मोडतात, सांधे निखळतात, आणि लांबलांबची माणसं मेंढरू खांद्यावर टाकून आबांकडं यायची. डोळे मिटून अंगठ्यानं सांधा शोधायचा, एक हिसका द्यायचा, मग बांबूच्या कामट्या आणि लोकरीची पट्टी. माणूस बघत बसायचा आणि मेंढरू पाय टेकून चालायला लागायचं. त्या हातांनी आता माझा सांधा सगळा उकलला, चकत्या एकमेकींवर घासून बघितल्या आणि मला विचारलं, "हाडावर हाड कोरडं घासलं तर जनावर चालंल का? मधी मऊ काय तरी पायजे."

मी फोम लावून बघितला, तो दबला. जुन्या जीन्सचं कापड लावलं, ते सरकलं. मग आबा उठले, आत गेले, आपलं घोंगडं घेऊन आले आणि माझ्याकडं कात्री मागितली.

आता हे समजायला आमचं घर माहीत पाहिजे. आमच्याकडं घोंगड्याला कात्री लावत नाहीत. घोंगड्यावर देव मांडायचे, घोंगड्यावर पाहुण्याला बसवायचं. मी लहान असताना बाहुलीच्या केसांसाठी त्याच्या काठाच्या चार दशा कापल्या होत्या, तर आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आणि हे घोंगडं तर त्यांच्या स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं. त्या सगळ्या कळपातलं एवढंच मागं राहिलेलं. मी म्हटलं, आबा, राहू दे, दुसरं काहीतरी बघू. त्यांनी कात्री माझ्या हातातून काढून घेतली. पहिली कात्री चालवायला त्यांना किती वेळ लागला ते मी डोळ्यांनी बघितलंय. मग मात्र चहाच्या कपाच्या तळाएवढ्या दहा चकत्या सरासर कापल्या.

हार्डबोर्ड आणि कापड यांच्यामध्ये ती लोकर बसली आणि सांध्यानं पकड घेतली. आबांनी अस्वलाचा हात वर केला आणि सोडला. हात वरच. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बघितलं, तर अस्वल तसंच हात वर करून बसलेलं. आबांनी त्या दिवशी स्वतःहून दुसरी भाकरी मागितली.

तेव्हापासून शिवायचं मी आणि सांधे आबांचे. हात वर करून सोडायचा, पाय वर करून सोडायचा, पडला तर पिन काढून पहिल्यापासून. मी घाई केली की म्हणायचे, मेंढराला घाई सांगतीस का? पक्कड त्यांच्या हातात इतकी बसली की घरात कुणाचं काही मोडलं की आधी आबांकडं. गुडघे चाचपणं बंद झालं. सांगलीत महिलांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं मला टेबल मिळालं, आणि आम्ही दोघांनी मिळून साठ अस्वलं केली. साठ अस्वलांत घोंगडं निम्मं संपलं.

आणि अशा वेळी भावाचा फोन.

त्याच्या मुलाचं तासगावला जमलं होतं. द्राक्षबागावाली माणसं, मोठं घर. साखरपुड्याला आबांनी यायचं, फेटा बांधून पुढं बसायचं, पण कुणी विचारलं तर शेती बघतो म्हणून सांगायचं. मेंढरांचा विषय काढायचा नाही आणि अस्वलांचा तर नाहीच. तू त्यांना तेवढं समजावून ठेव, म्हणाला. धनगराचा म्हातारा आता लेकीच्या घरी बाहुल्या शिवतो म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला जे काही बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. कुठली शेती, म्हटलं, त्या तीन एकर कुसळांची? मेंढरं विकून तुझी कॉलेजची फी भरली तेव्हा मेंढरांचा वास आला नाही का तुला? शाळेत झाडावरून पडलास, कोपर निखळलं, तेव्हा ते कुणी बसवलं? त्याच हातांनी ना? आज त्या हातांनी चार सांधे बसवले तर तुझं नाक कापलं गेलं? तो म्हणाला, तुझं नेहमीचंच आहे, उगाच आकांडतांडव करतेस. मी फोन ठेवून दिला. आबांनी विचारलं, दादा काय म्हणत हुता? मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांची चौकशी करत होता. ते बरं म्हणाले आणि पिन वळवत राहिले.

मी मनाशी ठरवूनच टाकलं. आबांना सांगलीच्या प्रदर्शनात घेऊन जायचं, टेबलामागं खुर्चीवर बसवायचं आणि भावाला तिथं बोलवायचं. चार लोकांसमोर बघू दे, बाप काय करतो ते.

जायच्या आधी एक काम राहिलं होतं. प्रदर्शनाच्या मॅडमनी सांगितलं होतं की प्रत्येक वस्तूला चिठ्ठी पाहिजे आणि चिठ्ठीवर एकच मजकूर पाहिजे. जाड कागदाच्या साठ चिठ्ठ्या कापल्या, वळणदार अक्षरात लिहिल्या, आणि मला स्वयंपाक होता म्हणून चिठ्ठ्यांचा डबा आबांपुढं ठेवला. अस्वलांच्या गळ्यात तेवढ्या बांधा म्हटलं. आबांची गाठ म्हणजे मेंढरांच्या वाघरीची गाठ. कळपाभोवती लावायच्या त्या जाळ्याची गाठ सुटली तर कळप रानोमाळ होतो, म्हणून ती सुटतच नाही. मी भाकरी थापत होते आणि ते पलीकडं बसून एकेक चिठ्ठी बांधत होते. बराच वेळ लावला त्यांनी. मला वाटलं, बारीक दोरा आहे, दिसत नसेल.

प्रदर्शनात दोन दिवसांत अस्वलं चांगली गेली. तिसऱ्या दिवशी भाऊ आला. कडक इस्त्रीचा शर्ट, आबांना वाकून नमस्कार, मला नुसती मान. मी त्याची वाटच बघत होते. टेबलापुढं तीन-चार बायका उभ्या होत्या, तरी मी आवाज चढवला. चढवला कशाला, त्यांच्यासाठीच चढवला. एक अस्वल त्याच्या हातात कोंबलं आणि म्हटलं, हे तुझ्या बापाचं काम. फिरव हात. अख्ख्या सांगलीत असा सांधा कुणी बसवून दाखवू दे. आत आबांच्या घोंगड्याची चकती आहे, स्वतःच्या हातानं कापलेली, ज्या घोंगड्याला आपल्याला कधी कात्री लावू दिली नाही त्याची. याची तुला लाज वाटते, सांग या बायकांना.

त्यानं अस्वलाचा हात वर केला. हात वरच राहिला. खोटं कशाला बोलू, त्याचा चेहरा जरा उतरला. त्यानं अंगठ्यानं अस्वलाचा खांदा दाबून बघितला, अगदी आबांसारखा. मग त्याला गळ्यातली चिठ्ठी दिसली. ती त्यानं सरळ केली आणि वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"संपूर्णपणे महिलांच्या हातांनी घडवलेलं."

भावानं अस्वल खाली ठेवलं. ओरडला नाही, टोमणा मारला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी नुसतं गप्प बसा म्हणत होतो," तो म्हणाला. "तू तर लिहून दिलंयस."

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, ती मी. नियम होता, मॅडमनी सांगितलं होतं, बायकांचं प्रदर्शन होतं, हे सगळं खरं आहे. पण साठ वेळा तीच ओळ लिहिताना एकदासुद्धा माझा हात अडखळला नाही, हेही खरं आहे. मी आबांकडं वळले आणि नियमाचं काहीतरी पुटपुटायला लागले.

आबांनी मला मध्येच थांबवलं. रागानं नाही. "मला ठावं हाय की," ते म्हणाले. "बांधताना समद्या वाचल्या. अक्षर लय झाक हाय तुजं."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. ते अक्षराचं कौतुक मला ऐकवलं नाही. भाऊ निघून गेला. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे, तिथं आबांना जे सांगायचं ते आबा सांगतील, आम्हा दोघांपैकी कुणी त्यांना शिकवायला जाणार नाही. मी पेन काढलं आणि टेबलावर उरलेल्या सतरा अस्वलांच्या चिठ्ठ्यांवरची ती ओळ खोडून लिहिलं: शिवण माझी, सांधे माझ्या वडिलांचे. मॅडम आल्या, हे चालणार नाही म्हणाल्या. त्यांना मी काय सांगायचं ते सांगितलं, टेबल उचला म्हणाल्या तर उचलते म्हटलं. आबा खुर्चीवरून नुसतं बघत होते. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

सतरा झाली. बाकीची त्रेचाळीस कुणाकुणाच्या घरी गेली, कुणाचे पत्ते माझ्याकडं नाहीत. सांधे त्यांचे पक्के आहेत, ढिले व्हायचे नाहीत. आणि चिठ्ठ्यांच्या गाठी आबांनीच मारल्यात, त्याही सुटायच्या नाहीत.