धारेच्या वेळी फोन नाही

सकाळी आम्ही खुर्चीत बसायच्या आत ताई प्रत्येकीच्या टेबलावरच्या फोनवरून स्वतःच्या मोबाईलवर कॉल लावून बघायच्या. स्क्रीन उजळली की चष्मा कपाळावर सरकवून निकाल द्यायच्या, "हा साफ हाय." नाहीतर, "हा लाल झाला. ह्याला झोपू द्या आज."

नागापूरच्या एमआयडीसीतल्या त्या ऑफिसातून आम्ही मुली गोठेवाल्यांना फोनवरून दूध काढायची मशीन विकायचो. कोणता कॉल कोणत्या नंबरवरून जाणार, हे ताई ठरवायच्या. अनोळखी नंबराखाली लाल पट्टीत ‘फसवणूक’ असं दिसलं, तर तुम्ही काय करता? कापता. लोकही तेच करत होते, वर नंबर ओळखणाऱ्या ॲपवर तशी तक्रारही नोंदवत होते. त्या उन्हाळ्यात आमचे जवळजवळ सगळेच नंबर लाल झाले आणि विक्री थांबली.

"नवे नंबर घेत राहा," आमचे मॅनेजर सर ताईंना म्हणाले. "नाहीतर टीम बंद. काम पुण्याच्या एजन्सीला."

"नंबर बदलल्यानं माणसं बदलत्यात का, सर? गोठे तेच, शिव्या त्याच. मला एक महिना द्या."

ताईंचा आवाज शेजारच्या कारखान्यात जायचा. मी इंग्रजी शाळेतली, फोन वाजला तरी दचकणारी. सर गेल्यावर ताई कॉलची यादी चाळत बसल्या. अचानक त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, आपण संध्याकाळी का फोन करतो?"

"तेव्हा लोक घरी असतात म्हणून," मी म्हणाले.

"घरी असत्यात, पन म्हशीखाली बसलेली! गावाकडं सोनईला आमच्या दारात म्हशी, अन् मलाच सुचू नये? धारेच्या टायमाला कुनी फोन केला, तर मी बी फसवणूकच लिहीन!"

संध्याकाळचे कॉल बंद झाले. लाल नंबर ताईंनी त्या ॲपवर कंपनीच्या नावाने नीट नोंदवून घेतले. प्रत्येकीला एकच नंबर, कायमचा. आणि गिऱ्हाइकाचा उलटा फोन आला तर उचलायचाच. पूर्वी तिथे नुसती टेप वाजायची.

माझा पहिला उलटा फोन मिरजगावहून आला.

"कोन तुमी? सारखं सारखं फोन! दुसरा धंदा न्हाई का?"

मी ठेवणार, तोच ताईंनी माझं मनगट धरलं. "ऐकून घे. वरडतोय म्हंजे बोलतोय."

मी ऐकलं. मग कसंबसं म्हणाले, "काका, चुकलं. धारेच्या वेळी नाही करणार."

पलीकडचा आवाज खाली आला. मग, "मंग कवा करशील?"

महिना संपताना सर आले. आता एकही नंबर लाल नव्हता. "ठीक आहे, पण विक्रीचं काय?" ते म्हणत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईंनी स्पीकर लावला. मशीन घेतलेले तेच मिरजगावचे काका होते.

"ती धारेच्या टायमाला फोन न करनारी पोरगी हाय का? मशीन लई झ्याक हाय. भावाला बी पायजे."

सर हसले. टीम राहिली. ताईंनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

पुढे कंपनीच्याच पुण्यातल्या ऑफिसातले नंबर लाल व्हायला लागले, तेव्हा कंपनीने ताईंनाच तिकडे बोलावलं. निरोपासाठी आम्ही केक आणला होता, पण एकीलाही उठता येईना. उलटे फोन थांबतच नव्हते.

"बसा, बसा, उचला," म्हणत ताईंनी स्वतःच केक कापला आणि टेबलाटेबलापाशी जाऊन बोलणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात एकेक तुकडा भरवला. माझ्यापाशी आल्या, तेव्हा पलीकडून कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. घास गिळून मी "बोला काका" म्हणेपर्यंत ताई जिना उतरून गेल्या होत्या.