सगळ्यांचं उत्तर ‘नाही’

माणसं दोन आणि खोली एक असली की किस्से आपोआप साचतात, ते कुणी गोळा करत बसत नाही. नगरच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्र विभाग म्हणजे विभागप्रमुख गंधे सर आणि त्यांच्या हाताखालचा मी. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. सरांच्या पीएच.डी.ला विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती आणि प्रिन्सिपॉलांनी बजावलं होतं, की यंदा डिग्री हातात नाही आली तर विभागाला कुलूप. म्हणजे माझ्याही नोकरीला!

विषय होता कॉलेजच्या मुलांमधली चिंता. मुलांनी एक प्रश्नावली भरायची, मग दिवा लागला की बटण दाबायचं, किती वेगाने दाबलं ते आम्ही मोजायचं. एवढंच. पण त्यासाठी मुलं तर हवीत. त्यात पाण्यावाचून होस्टेल लवकर रिकामं करणार अशी हूल रोज उठायची. सर खुर्चीला टेकत नव्हते. बसल्या बसल्या पाय हलवायची सवय मला तेव्हा जी लागली ती अजून आहे, आणि त्यावरून बायको अजून बोलते.

*

मुलं आमच्या दाराकडे फिरकत नसत. तिथे डोकं तपासतात, आणि ज्याचं तपासतात त्याच्यात बिघाड असणारच, असा समज पक्का होता. मी कँटीनमध्ये जाऊन बसलो की आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायची. शेवटी चहा-भज्यांची लालूच दाखवून बेलापूरच्या एका मुलाला कसंबसं पटवलं. तो म्हणाला, “येतो सर, पन मागच्या दारानं. माझ्या सोयरिकीचं चाललंय. पोरीच्या मामाचं दुकान हितं समोरच हाय.”

विभागाला मागचं दार नव्हतं, खिडकी होती. पीएच.डी.च्या कामासाठी खिडकीतून आत उतरलेला तो बहुधा पहिलाच माणूस. खाली स्टूल धरून स्वतः गंधे सर उभे होते.

*

त्याने प्रश्नावली भरली. रात्री झोप उडते का? नाही. छातीत धडधडतं का? नाही. उद्याची धास्ती वाटते का? नाही. सर खूश झाले, निदान सुरुवात तर झाली. भज्यांची बातमी होस्टेलवर पोचली आणि मग रांगच लागली. सगळे आले, सगळ्यांनी भरलं आणि सगळ्यांनी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं!

चौकशी केली तेव्हा कळलं, की बेलापूरकराने होस्टेलवर बरोबर उत्तर सांगून ठेवलं होतं. सरांनी मुलांना जमवलं आणि अगदी काकुळतीला येऊन सांगितलं, की अरे, यात बरोबर-चूक असं काही नसतं. त्यावर एकजण शांतपणे म्हणाला, “मग आमचं चुकलं कुठं, सर?”

त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही. एक कोरी प्रश्नावली घेतली आणि स्वतःच भरली. सगळीकडे ‘हो’. मग फाडून टाकली. मी हसू दाबत तुकडे गोळा केले.

*

बटणाची तऱ्हा आणखी वेगळी. दिवा लागला तरी पोरगा बोट अधांतरी धरून सरांच्या तोंडाकडे बघत राहायचा. का रे दाबत नाहीस, असं विचारलं तर म्हणायचा, “कालेजची वस्तू हाय. तुमी म्हनल्याबिगर हात कसा लावू?”

एकाला समजावलं, दोघांना समजावलं. तिसऱ्यापासून सर कंटाळून स्वतःच ‘दाब’ म्हणायला लागले. आठवडाभर आम्ही मोठ्या निष्ठेने मोजला तो वेग सरांचाच होता, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं. सरांना सांगायचा धीर मला झाला नाही. त्यांचं त्यांनाच कळलं.

*

मग सरांनी ठरवलं, की लेखी नकोच. एकेकाला समोर बसवायचं आणि आपण प्रश्न वाचायचे. पहिला नंबर खर्ड्याच्या भगवानचा लावला. पण त्याच्या आधी त्याचे वडीलच एस.टी.ने येऊन थडकले. कॉलेजात पोराचं डोकं तपासतात असं कुणीतरी गावात सांगितलं होतं. ते पोराला घेऊन जायलाच आले होते. बाहेर व्हरांड्यात सगळं होस्टेल उभं होतं. भगवान गेला असता तर मागोमाग सगळेच गेले असते, आणि आमचा विभागही.

सरांनी हात जोडले. म्हणाले, नुसते प्रश्न आहेत हो, त्यात इजा कसली? वडिलांनी थोडा विचार केला. म्हणाले, “आदी मला इचारा. मला काय झालं न्हाई, तर पोराला बसवा.”

ते स्टुलावर बसले. भगवान शेजारी उभा राहून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. सरांनी वाचायला सुरुवात केली. रात्री झोप उडते का? “न्हाई.” छातीत धडधडतं का? “न्हाई.” उद्याची धास्ती वाटते का? “छ्या, कशाची?” शेवटच्या प्रश्नापर्यंत तेच. सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी भगवानला चहा सांगायला कँटीनकडे पिटाळलं.

भगवानच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत वडील कान देऊन बसले. मग उठले, दार लोटलं आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

“हं,” ते म्हणाले, “आता परत इचारा. पहिल्यापासनं.”