गल्ल्याशेजारची वही

लोकांनी एकमेकांना लिहिलेलं वाचायचं म्हटलं की मला अजून नको वाटतं. मुलगा फोनवर काहीतरी वाचत हसत असतो. एकानं लिहिलेलं असतं, हा फोन भंगार आहे. खाली दुसरा, तुझी अक्कल भंगार आहे. तिसरा त्या दोघांच्या आया काढतो. मुलगा म्हणतो, "आई, हे असंच असतं, तिथं कोण कुणाला ओळखतं?" त्याला वाटतं हे सगळं त्याच्या काळात निघालं. मी हे परभणीत वाचलेलं आहे, टीव्हीच्या सुट्या भागांच्या एका दुकानात, गल्ल्याशेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेल्या जाड वहीत.

मी मूळची चिपळूणकडची. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते, तिथंच शाळा संपली. भावाच्या घरात आई कशीबशी सामावली, मी सामावले नाही. जेवायला बसले की वहिनी भांडी आपटायची. मावशी परभणीला दिलेली होती. तिनं पत्र पाठवलं, पोरीला इकडे धाडा, आणि मला धाडलं. उतरले तेव्हा पायाखाली काळी माती, वर पांढरं आभाळ, डोंगर कुठंच नाही. मी मावशीला विचारलं होतं, इथं लोक कशाच्या आडोशाला राहतात? ती नुसती हसली.

मावशीच्या यजमानांना मी काका म्हणे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वाइंडिंगचं काम होतं. त्या वर्षांत संध्याकाळी विजेचा दाब इतका पडायचा की टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आखडून पोस्टकार्डाएवढं व्हायचं. म्हणून टीव्ही घेणारा सोबत स्टॅबिलायझर घ्यायचाच. लोखंडी पेटी, तिला पुढे खटका. दाब पडला की खटका एकेक घर पुढे सरकवायचा. त्या पेटीच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते आम्ही हातानं गुंडाळायचो. डाव्या हातात तार ताणून धरायची, उजव्या हातानं मूठ फिरवायची. मुठीला एक आकड्यांची डबी जोडलेली, ती वेढे मोजायची. ठरलेल्या वेढ्यांवर थांबून तारेचं टोक बाहेर काढायचं. वेढे जास्त झाले तर बाहेर दाब जास्त, कमी झाले तर कमी. बास, एवढीच विद्या. ती काकांनी मला दिली. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. तार तुटली तर म्हणायचे, "तुटू दे माय, तार हाय, आपलं हाड न्हाई." त्या घरात पहिल्यांदा मला कुणी दुसरी भाकरी वाढताना माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. ते उपकार मी आजही मानते.

पण भीती काही गेली नाही. काम बिघडलं तर काका रागावणार नाहीत, एक दिवस शांतपणे गाडीत बसवून देतील, असं मला रात्रंदिवस वाटायचं. मग पुन्हा तो भाऊ, ती भांडी.

दर गुरुवारी तार आणायला मी दुकानात जायची. जिंतूर, सोनपेठ, पूर्णा, सगळीकडचे मेकॅनिक तिथंच माल घ्यायला यायचे. वही दुकानदारानंच सुरू केली होती. ज्याला बिघाड सापडत नाही त्यानं लिहून जायचं, ज्याला ठाऊक आहे त्यानं पुढच्या खेपेला खाली उत्तर लिहायचं. नाव लिहायची पद्धत नव्हती, फार तर गावाचं. सुरुवातीची पानं मी वाचलेली आहेत. 'आवाज येतो, चित्र येत नाही.' खाली: 'अमुक भाग तपासा, मला तिथं सापडलं.' खाली: 'मिळालं, आभारी आहे.'

पुढं पुढं तिचं गटार झालं. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज भरदार असतो असं एकानं लिहिलं, तर खाली: 'तुझ्या आज्याला घेऊन बस त्याच्याशेजारी.' रंगीत टीव्ही फार दिवस टिकणार नाहीत असं कुणाचं मत, त्यावर सहा जणांनी सहा शिव्या. कंपनीची पेटी चांगली की हातवाइंडिंगची, यावर चार पानं भरलेली, आणि त्या चार पानांत बिघाडाबद्दल अर्धी ओळ नाही. समोरासमोर हीच माणसं चहाचा कप एकमेकांकडे सरकवायची, "घ्या ना राव, तुमी आधी." विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा गावागावांत धुमसत होता. कुणीतरी एका मेकॅनिकच्या जातीवरून लिहिलं. ते पान तेवढं दुकानदारानं फाडलं. बाकीची घाण त्याला चालायची, कारण लोक वही वाचायला म्हणून यायचे आणि माल घेऊन जायचे.

मीही एकदा लिहिलं होतं. पावसाळ्यात वेटोळ्यावरचं वार्निश वाळत नाही, काय करावं? खाली 'वाइंडर' एवढंच, गावही घातलं नाही. पुढच्या गुरुवारी उत्तर होतं: 'एवढं बी कळत नसेल तर घरी बसून वाती वळ.' मी घरी बसून वातीही वळत होते, मावशीच्या देवासाठी, रोज. लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं की हे विचारणारी बाई आहे. तार घ्यायला येणारी मुलगी आणि वहीतला वाइंडर यांची सांगड कुणी घातलीच नव्हती.

मग चारठाण्याच्या माणसाचा मजकूर आला. अक्षर शाळामास्तरासारखं. 'परभणीच्या हातवाइंडिंगचे दोन स्टॅबिलायझर घेतले. दोनशे तीसच्या जागी अडीचशेच्या वर दाब येतो. गिऱ्हाइकांचे दोन टीव्ही जळाले. माझं काही चुकत असल्यास सांगावे.'

परभणीत ते काम आमच्याशिवाय कुणी करत नव्हतं.

खाली लोक तुटून पडले. 'आधी मीटर धरायला शीक.' 'पेटी उलटी लावली असशील.' आणि एक: 'चारठाण्यात मीटर कुठलं? हा देवळातली घंटा वाजवून दाब मोजायलाय.' मी हसले. खरं सांगते, तिथं दुकानात उभी राहून मी खुदकन हसले, कारण त्या हसण्यात माझी सुटका होती. घंटा वाजवणाऱ्याचं बोलणं कोण खरं धरणार?

पुढच्या आठवड्यात त्यानं परत लिहिलं. तीन वेळा मोजून, वेळेसकट आकडे. खाली त्याच घंटावाल्यानं लिहिलं होतं: 'घंटा नीट बांध, मग बोल. गिऱ्हाइकाचे टीव्ही जाळायचे आणि दुसऱ्याच्या नावानं बोंबलायचं. असल्याला दुकानाच्या पायरीवर उभं करू नये.' ते जांभळ्या पेन्सिलीत होतं. जिभेवर ओली करून लिहायची ती पेन्सिल. आम्ही तिनं तारेच्या टोकांवर आकडे घालायचो. मी मागची पानं उलटली. वातींचं उत्तर जांभळं होतं. आज्याचं जांभळं होतं. इतके महिने मी ते अक्षर वाचत होते आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण काकांचं अक्षर मला फक्त पोचपावतीवर माहीत होतं.

घरी गेले. काका जेवत होते. मला म्हणाले, "उन्हात गेलतीस, आधी पाणी पी." मी पाणी प्याले आणि मागं जाऊन मोरीत ओकले. मावशीला वाटलं ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका बाहेर गेलेले बघून मी डबीवर भरवसा न ठेवता तोंडानं मोजत मूठ फिरवायला घेतली. सातशे नव्व्याण्णवपर्यंत डबी आणि मी बरोबर. पुढचा वेढा घातला, डबीनं आठशेच्या जागी परत सातशे दाखवले. शेकड्याचं चाक तिथं एकदा अडकायचं आणि पुढच्या शंभराला सरकायचं. म्हणजे माल करताना मी आठशेसाठी आणखी शंभर वेढे गुंडाळत होते. तार भरतेय, फुगतेय हे हाताला कळायला हवं होतं. हाताला कळलंही असेल. पण आठवी शिकलेली मी, यंत्रावर आकडा दिसत असताना हाताचं कशाला ऐकू? आणि तयार माल आम्ही तपासायचो तो बल्ब लावून. बल्ब पेटला की नग पास. जरा जास्त पांढरा पेटला तर कुणाच्या लक्षात येतंय?

संध्याकाळी मी काकांना डबी फिरवून दाखवली. त्यांनी दोनदा स्वतः फिरवून बघितली.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू बी नको. डबी बदलू. चारठाण्याचा गडी आपोआप थंड होतोय."

"काका, त्याचं बरोबर आहे. आणि वहीत त्याला..."

"वहीतलं वहीत. ते काय मनावर घ्यायचं असतंय का? गंमत असती ती." आवाज तोच, मऊ. "चार लोक हसतेत, इसरतेत."

"दोन टीव्ही गेले त्याचे."

"माय," ते म्हणाले, "तू हितं कशी आलीस, कोण आणली, तेवढं ध्यानात ठेव."

तेवढं बोलून ते उठले. मला जे ऐकायची भीती होती ते मी ऐकलं. मावशी चुलीपुढून बघत होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे गप बस.

मी सहा दिवस गप बसले. गुरुवारी वही उघडली तर घंटेची चित्रं काढलेली. एकानं लिहिलेलं, 'चारठाण्याला माल उधार देऊ नका, टीव्ही जाळून पळंल.' दुकानदार ते एकाला वाचून दाखवत होता आणि दोघं दात काढत होते. मी दुकानदाराची पेन मागितली. तो म्हणाला, "हिशोब लिवायचाय का बेटा?" मी वहीत लिहिलं: 'चारठाणा बरोबर आहे. आमच्या मोजणीच्या डबीत दोष होता. शंभर वेढे जास्त पडले. चूक माझी. पेट्या परत पाठवा, नवीन वाइंडिंग करून देते. वाइंडर.'

'देते' वाचून दुकानदारानं माझ्याकडे वर बघितलं.

पुढच्या आठवड्यात खाली काय असेल असं मला वाटलं होतं, कोण जाणे. निदान एखादा 'आभारी आहे'. होतं ते असं: 'बाई वाइंडिंग करती व्हय! तरीच.' 'तरीच वेढे मोजता येईनात.' 'हळदीकुंकवाला बसली असंल मधेच.' भांडण आता माझ्यावर वळलं होतं, चांगली तीन पानं भरून. चारठाण्याच्या माणसानं दोन्ही पेट्या एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवल्या, मी त्या करून दिल्या, त्यानं नेल्या. महिन्याभरात वहीत त्याचं मास्तरी अक्षर परत दिसलं. सोनपेठच्या एका नवख्यानं काहीतरी साधं विचारलं होतं. खाली त्यानं लिहिलं होतं: 'एवढं येत नसेल तर धंदा सोडून गुरं राख.' मी वही मिटली. हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटलं म्हणून पदराला हात पुसला.

पण ते नंतरचं. ज्या दिवशी माझ्यावरचं ते तीनपानी भांडण काकांनी वाचलं, त्या संध्याकाळी ते सायकल आपटून आत आले. कपाळ लाल. मला वाटलं, आता पिशवी भरायची.

"बस," ते म्हणाले. "कागद घे, वहीत डकवू. तुला बोलत्यात भाडखाऊ. मी सांगतो तसं लिव. तुझ्याच अक्षरात."

ते सांगायला लागले. ज्यानं हळदीकुंकवाचं लिहिलं तो पूर्णेचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्याची बायको माहेरी निघून गेली होती, तेही ठाऊक होतं. त्यावरून एक वाक्य त्यांनी तयारच आणलं होतं, आणि म्हणताना त्यांचे डोळे चमकत होते. माझ्यासाठी बोलत होते ते. माझी बाजू आयुष्यात तोपर्यंत कुणी घेतली नव्हती. मी कागद समोर ठेवला होता, पेन धरली होती.

"लिव ना."

"मी नाही लिहिणार, काका."

"का?"

"घाण आहे ते."

मावशीच्या हातातली फुंकणी थांबली. काकांना असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी गाडीची वेळसुद्धा मनात आणली, सकाळची.

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाले, "चारठाण्याच्या पेट्या आल्यात का?"

"आल्यात."

"मग बसलीस काय? उकल त्या. आन् हरेक नग मीटर लावून मला दाखवायचा इथून पुढं."

मी पेटी पुढ्यात ओढली आणि वेटोळ्यात बसवलेले पत्रे सोडवायला घेतले. काकांनी कागद उचलला, घडी घालून खिशात टाकला आणि सायकल घेऊन दुकानाकडे निघून गेले. स्वतःच लिहायला.