कडूकंदाची तीन पाणी

यवतमाळहून घाटंजीची मोटार निघाली तेव्हा माझ्या पिशवीत एक वही, पेन्सिल आणि भाकर होती. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात कडूकंद 'अखाद्य' होता. लहानपणी आमच्या घरी तो शिजत असे, हे मी वर्गात चाचरत सांगितले. सर म्हणाले, "शिजवून आणा, मी खाईन. नाहीतर वहीत पुस्तकातलेच लिहा." आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरचे अन्न वहीत तरी खरे ठरावे, एवढीच माझी इच्छा होती.

आईला विचारता आले असते. पण आई निरक्षर. शास्त्राला जाणकार हवा. म्हणून घाटंजीहून दोन कोस चालत कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) गेलो. तिथल्या जाणकार चिन्नूबाईही निरक्षरच निघाल्या, पण परक्या असल्यामुळे मला चालल्या.

सागाच्या जंगलात पत्त्यांतल्या बदामासारख्या पानांचा वेल पिवळा पडला होता. त्यांनी टोकदार काठीने माती उकरून केसाळ कंद काढले.

"असाच खाशीन त घसा धरते," त्या म्हणाल्या. "काप कर, राख लाव, अन् तीन पाणी काढजो. कालेजात शिकते न तू, बापू?"

या प्रश्नानंतर 'तीन पाणी म्हणजे काय' हे विचारणे मला जमले नाही. तेवढे दोन शब्द वहीत लिहून खाली रेघ मारली.

त्यांनी उकडलेला कंद मिठासोबत दिला. गोडसर लागला. थोडा पानात बांधूनही देत होत्या. पण सरांनी मला शिजवून आणायला सांगितले होते, म्हणून मी कच्चेच कंद घेतले.

वसतिगृहात परतल्यावर काप केले, राख लावली, नळाखाली तीनदा धुतले आणि उकडले. सरांनी शब्द पाळला. एका घासातच त्यांचा घसा धरला. बोलता येत नव्हते. मग लाल शाईने वहीत 'अखाद्य' लिहून खाली सही केली.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा उरलेले कंद आणि उघडी वही आईपुढे ठेवली आणि सगळे सांगितले.

"उकयून पाणी फेकलं काय तीनदा?"

"नाही. धुतलं तीनदा."

"अन् दोन कोस कायले गेलता? मी काय मेली व्हती?"

तिने चुलीवर तीन पाणी काढली. ताट पुढे सारताना वहीकडे पाहून म्हणाली, "हे लाल काय लिवलं?"

"अखाद्य."

"म्हंजे?"

"खात नाहीत ते."

"मंग तू नोको खाऊ," म्हणत ती ताट उचलू लागली.

मी ते धरून ठेवले आणि नंतर दोनदा मागून घेतले. वहीतला शब्द मात्र तसाच आहे. खाली सरांची सही असल्यामुळे मला तो खोडता आला नाही.