खुडलेला तांदुळजा

मंगळवारी सकाळी हे गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेले आणि खाली आले नाहीत. वॉचमन वर गेला, मागून शेजारी गेले, मग मी गेले. डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहून दिली.

ह्यांनी ठाण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर कोपरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ह्यांनी राजगिऱ्याच्या कुळाचा अभ्यास मांडला. माठ, तांदुळजा, रस्त्याकडेचा आघाडा, माळावरचा कुरडू ही सगळी त्याच कुळातली. पुढे शास्त्रज्ञांनी पालक, बीट आणि चाकवतही त्यांच्यात नेऊन बसवले, तेव्हा हे जेवताना म्हणाले होते, "एकत्र कुटुंब झालं बघ. आता स्वयंपाकघरावरून भांडणं."

ह्यांना मूतखडा झाला होता. डॉक्टरांनी पालेभाजी बंद केली आणि ते ह्यांच्या मनाला लागलं. पालेभाजीतलं ऑक्झलेट खड्याला कारण होतं, पण प्रत्येक वाणात ते सारखं नसतं. टिटवाळ्याकडून कल्याणच्या बाजारात भाजी आणणाऱ्या बायका घरचंच बी वर्षानुवर्षं धरतात. हे त्यांच्या शेजारी बसून बोलायचे आणि चिमूटभर बी मागून आणायचे. असा सहा ठिकाणचा तांदुळजा थर्माकोलच्या सहा खोक्यांत लावलेला होता. ह्यांची शेवटची विद्यार्थिनी पीएचडीसाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची पानं तपासत होती. चौथ्या खोक्यातल्या पानांत ऑक्झलेट दर वेळी कमी निघत होतं. आणखी एका पिढीत ते तसंच निघालं, तर तिला प्रबंधात ते ठामपणे लिहिता येणार होतं. आधीचं राखलेलं बी दमट हवेने बुरसलं होतं, त्यामुळे जे काही होतं ते त्या खोक्यांत होतं.

तांदुळज्याचे पराग वाऱ्यावर उडतात. एका वाणाचे दुसऱ्यावर पडू नयेत म्हणून फुलोरा येण्याआधी शेंड्यांवर मलमलीच्या पिशव्या चढवायच्या. सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या त्या पिशव्या मीच मशीनवर शिवल्या होत्या. मंगळवारच्या आदल्या रविवारी ह्यांनी त्या चढवल्या.

चौदावा झाला आणि पाहुणे गेले. ठाण्यात टेंभी नाक्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई तेवढ्या मागे राहिल्या. मी दिवसभर पुस्तक उघडं धरून बसायची. पान उलटत नव्हतं. वन्संना मात्र रिकामं बसता येत नाही. त्यांनी डबे घासले, पडदे धुतले, माळा आवरला आणि एका सकाळी गच्चीवर गेल्या.

दुपारी ताटात तांदुळज्याची भाजी होती, लसूण आणि सुकी मिरची घातलेली. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जेवणाची चव कळली होती. भाजी कुठून आली, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी विद्यार्थिनी नेहमीसारखी झाडांना पाणी घालायला आली. पाच मिनिटांसाठी वर गेली आणि लगेच खाली आली.

"काकू, शेंडे कुठेत?"

वन्सं आतून पदराला हात पुशीत आल्या. "अगं, फुलावर आला होता तांदुळजा. अजून दोन दिवसांनी जून झाला असता. वाया कशाला घालवायचा? खुडला. आणि झाडांना कसली गं ती टोपडी घातली होती? धुऊन इस्त्री करून ठेवलीत."

"आत्या, खोक्यांत काड्या होत्या. आइसक्रीमच्या. नंबर लिहिलेल्या."

"त्या होय? कचऱ्यात गेल्या. खोकी बाजूला सारून फरशी धुतली ना मी. काय ती गच्ची! माझ्या भावाचा अख्खा जन्म गवतात गेला."

विद्यार्थिनी खुर्चीवर बसली. तिने वन्संना सगळं समजावून सांगितलं, आवाज न चढवता. सांगून झाल्यावर वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे मी त्याचं काम शिजवून वाढलं तुला."

मी हसले, कारण ते अगदी खरं होतं. मग आम्हा तिघींनाही हसू आवरेना, आणि त्यातच वन्संना रडू फुटलं.

खुडलेल्या तांदुळज्याला बगलेतून फुटवे येतात, त्यामुळे झाडं मेली नव्हती. प्रश्न होता चौथं खोकं कोणतं हा. ह्यांनी दर खोक्यातलं एक झाड नंबर घालून वर्तमानपत्रात दाबून वाळवलं होतं, त्यावर माझ्या शब्दकोशांचे खंड रचले होते. आठवड्याने फुटवे वर आले, तसे आम्ही ते सहा कागद घेऊन गच्चीवर गेलो. विद्यार्थिनी भिंग लावून शिरा मोजत होती. वाळलेल्या पानाचा रंग गेलेला, त्यामुळे तिचं काही जुळेना.

वन्सं थोडा वेळ नुसत्या बघत होत्या. मग खाली बसून त्यांनी एकेका खोक्यातले देठ दोन बोटांत फिरवून पाहिले.

"हे बघ. ह्याचा देठ गोल आहे. ह्या दुसऱ्याला पन्हळ आहे, आणि पानाचं टोक आत गेलंय. तुझ्या त्या चारच्या कागदावर असंच आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली. "आत्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

"पन्नास वर्षं निवडतेय मी पालेभाजी. कळेल नाहीतर काय."

वन्संचा शब्द प्रबंधात चालणार नव्हता. म्हणून विद्यार्थिनीने त्या खोक्यातली पानं प्रयोगशाळेत नेली. तोवर फुटव्यांवर पुन्हा पिशव्या चढवल्या. ते काम वन्संनी केलं, आणि ठाण्याला जाताना मला तीनदा बजावलं की कोणालाही वर जाऊ देऊ नकोस. दोन खोकी फुटलीच नाहीत. उरलेल्यांपैकी दोन खोक्यांचे नंबर जुळले नाहीत, त्यांच्यावर विद्यार्थिनीने प्रश्नचिन्ह काढलं. पन्हळीच्या देठाच्या पानांत ऑक्झलेट कमी निघालं, आधीइतकंच. तिने फोनवर मला आकडा सांगितला आणि मी तो ह्यांच्या वहीत, ह्यांच्या अक्षराखाली लिहिला.

चौथ्या खोक्यातली कणसं वाळल्यावर मी ती कागदावर झटकली. काळं, चकचकीत, खसखशीएवढं बी पडलं. निम्मं विद्यार्थिनीने नेलं. चिमूटभर, ज्यांच्याकडून चौथ्या खोक्याचं बी आलं होतं त्या टिटवाळ्याच्या भाजीवाल्या बाईंना परत दिलं. त्यांनी ते पदराच्या टोकाला बांधलं आणि साहेब का आले नाहीत ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला त्यांच्याशेजारी बसवून घेतलं.

राहिलेलं बी माझ्याकडे काचेच्या बाटलीत आहे. दोन चमचे भरेल.