हनिफाने चावलेला नान

मर्गिलान शहरातल्या एका कर्करोग इस्पितळात मुअत्तर ओपा, म्हणजे मुअत्तरताई, बावीस वर्षं फरशी पुसत होती. ऑपरेशनला घाबरलेल्या बायांपुढे डॉक्टरांचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ओपाचं मात्र त्या ऐकत. पण एक गोष्ट तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

त्या सकाळी ओयदिन नावाची तरणी बाई गाठोडं बांधून घरी परत निघाली होती. तिच्या छातीतली गाठ उद्या काढायची होती.

"गाठ झोपलीय, ओपा. सुरी लागली की जागी होते नि अंगभर धावते. आमच्या मोहल्ल्यात कुणालाही विचारा."

मुअत्तरच्या हातातलं फडकं गळून पडलं. हे तर तिचे स्वतःचेच, जुने शब्द होते.

"मी घरी जाऊन येते. तोवर थांबशील?"

"चहा पिईपर्यंत थांबते."

घरी खिळ्याला एक नान टांगलेला होता, सोळा वर्षांचा, दगडासारखा. दूर निघालेल्या माणसाने नानाचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेला घरी टांगून ठेवायचा आणि परत येऊन खायचा, अशी तिथली रीत. हा तिच्या धाकट्या बहिणीचा, हनिफाचा. वारा सुटला की तो भिंतीवर टकटक करी आणि मुअत्तर दचकून दाराकडे बघे. आज तिने तो रुमालात गुंडाळला.

"हे दात बघ," ती ओयदिनला म्हणाली. "माझी बहीण. सुरी लावू नकोस, झोपल्या सापाला डिवचू नये, असं तिला मीच सांगितलं. सात महिने माझं ऐकून बसली. मग हा घास तोडून ऑपरेशनला गेली नि महिन्यात संपली. लोक म्हणाले, बघा, सुरीनं जागं केलं. मीही मान डोलावली. दोषातून माझी सुटका झाली ना!" तिला रडू फुटलं. "गाठ कधी झोपलीच नव्हती, पोरी. ती वाढत होती, नि मी दारात उभी राहून डॉक्टरांना अडवत होते."

"म्हणजे मी वाचेन?"

"ते मला काय ठाऊक? एकदा ठाम बोलले, तेवढं पुरे झालं."

ओयदिन त्या दातांच्या खुणांकडे बघत राहिली. मग तिने गाठोडं सोडलं, आपला नान काढला आणि त्याचा घास तोडला.

"माझ्या घरी नको, सासू रडत बसेल. तुमच्याकडेच टांगा."

मुअत्तरच्या घरी खिळा एकच होता. दोन्ही नान तिने त्यालाच अडकवले.

"हनिफा," ती भिंतीला म्हणाली, "राग माझ्यावर काढ. हिचा नान हिला खाऊ दे."